उजव्या पायावर लंगडी

“डावीकडे ती आता वळत नाही,” माझ्या पुढच्या रांगेत बसलेला माणूस म्हणाला आणि त्याने शेंगदाण्यांची पुडी शेजारच्या बाईंपुढे धरली. “बघत राहा. चेंडू मिळाला की उजवीकडे. दर वेळी उजवीकडेच.”

शेजारच्या बाई म्हणजे आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाच्या असिस्टंट कोच. त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले आणि मैदानाकडे बघत राहिल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

मी त्यांच्या मागे, सगळ्यात वरच्या पायरीवर, कॅमेऱ्यामागे उभी होते. सामन्यांचं चित्रीकरण ही माझी कॅम्पसवरची नोकरी. माझ्याबरोबर एम.एस. करणाऱ्या मुली लायब्ररीत नाहीतर कँटीनमध्ये काम करायच्या. तिथे दिवसभर लोकांशी बोलावं लागतं. ही नोकरी मी मुद्दाम मागून घेतली होती, कारण चेंडू जाईल तिकडे कॅमेरा वळवला की झालं, कुणाशी काही बोलायचं नसतं. आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाला कान असतात हे बाकीचे विसरतात. पुढच्या रांगेतला तो पाहुणाही विसरला होता.

घानाच्या महिला संघासाठी तो अमेरिकेत खेळणाऱ्या मुली बघत फिरत होता. आफ्रिकेतल्या देशांची मोठी स्पर्धा जवळ आली होती आणि संघ निवडायचा होता. आमच्या मैदानावर तो एकीलाच बघायला आला होता. ती माझी मैत्रीण.

मैत्रीण म्हणताना मी जरा अडखळते, कारण आमची मैत्री मुख्यतः जिन्यात झाली. बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतल्या ज्या अपार्टमेंटमध्ये मी मावशीकडे राहायचे, तिथेच खालच्या मजल्यावर ती तिच्या आत्याकडे राहायची. कॉलेज एकच, बसही एकच. ती भरभर बोलायची आणि मी ऐकायचे. तिला ऐकणारी हवी होती आणि मला कुणी प्रश्न विचारू नयेत असं वाटायचं, त्यामुळे आमचं छान जमलं. तिची आत्या सुकी मासळी घालून काळी, जहाल तिखट चटणी करायची. त्यातली एक बाटली ती मला द्यायची. मावशी वासानेच खिडक्या उघडायची आणि मी ती चटणी माझ्या खोलीत दार लावून पोळीशी खायचे.

ती एकोणिसाव्या वर्षी देशाच्या मुख्य संघातून खेळली होती. तिचे त्या काळातले व्हिडिओ मी इतक्यांदा पाहिले होते की डोळे मिटून सांगू शकले असते. उजव्या कडेने ती चेंडू घेऊन सुटायची. समोरची खेळाडू तिच्याबरोबर धावायची. मग एक खांदा झुकायचा, आणि पुढच्या क्षणी ती डावीकडे, आत, गोलच्या दिशेने गेलेली असायची. समोरची मात्र रेषेकडे एकटीच धावत राहायची. मला हसू यायचं. घरातला माणूस अचानक दुसऱ्या दाराने बाहेर पडावा तसं ते वळण होतं.

“शाळेच्या मैदानाला उजवीकडे गटार होतं,” तिने मला बसमध्ये सांगितलं होतं. “उघडं. चेंडू त्यात गेला तर ज्या मुलीमुळे गेला तिने काढायचा. म्हणून आमच्या शाळेतल्या सगळ्या मुली डावीकडे वळायला शिकल्या. लोक म्हणतात टॅलेंट. कसलं टॅलेंट यार, वास यायचा!”

‘यार’ ती माझ्याकडून नव्हे, आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांकडून शिकली होती.

मग आदल्या वर्षी, आमच्याच मैदानावर, कुणाचा धक्काही न लागता तिचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. हिवाळा कुबड्यांवर गेला, वसंत आणि उन्हाळा व्यायामात. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा बरा आहे, खेळ. फिजिओने सांगितलं, पाय तयार आहे, आता बाकीचं तुझ्याकडे. ती खेळायला लागली, धावायलाही पूर्वीसारखीच लागली. पण डावीकडे वळायचं तर क्षणभर सगळं वजन उजव्या पायावर टाकून तो रेटावा लागतो. तो एक क्षण ती टाळत होती. हे मला कॅमेऱ्यातून दिसत होतं. आता त्या माणसालाही दिसलं होतं.

त्या संध्याकाळी मी तळघरातल्या लाँड्रीत कपडे वाळवायला टाकत होते, तेव्हा ती टोपली घेऊन आली.

“तू त्यांच्या मागे होतीस ना? काय म्हणाले?”

मी चादरीची घडी घालू लागले.

“सांग. मी रडणार नाही.”

“डावीकडे,” मी म्हणाले. मला तेवढंच बोलता आलं.

ती मशीनवर चढून बसली आणि मोठ्याने हसली. मग हसणं थांबलं. “माझं डोकं म्हणतं वळ. गुडघाही म्हणतो वळ. मधे कोण आहे कळत नाही, जो म्हणतो, नको बाई.” तिने उजव्या गुडघ्यावर थाप मारली. “ऑक्टोबरच्या शेवटी ते परत येणार आहेत. शेवटचं बघायला. तेव्हा नाही दिसलं, तर मी घरी बसून टीव्हीवर बघायचं.”

उपाय सापडला तो मावशीमुळे, आणि तोही तिच्या नकळत.

मावशी ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि रविवारी सकाळी बिल्डिंगच्या कम्युनिटी रूममध्ये मराठी शाळा चालवते. पुण्याची, नागपूरची, नाशिकची मुलं. म्हणजे त्यांचे आईबाप तिथले, मुलं सगळी इथलीच. मावशी मराठीत विचारते आणि मुलं इंग्रजीत उत्तर देतात. मला तिने तिच्या घरात राहण्याचा मोबदला म्हणून मदतनीस केलं होतं. मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली. आकडे शिकवताना एकोणसत्तर म्हणायचं की एकोणऐंशी, इथे माझी गाडी अडायची. मग मावशी सगळ्या वर्गासमोर म्हणायची, “बाळांनो, या ताईलाही बसवा रे तुमच्यात.” त्यामुळे मी शक्यतो खेळाच्या तासाला मदत करायचे. खेळात मोजावं लागत नाही.

त्या रविवारी खेळाला लंगडी होती. मावशीने पार्किंगच्या रिकाम्या कोपऱ्यात खडूने मोठा चौकोन आखला. एकाने एका पायावर लंगडत आत यायचं, चौकोनात पळणाऱ्यांना शिवून बाद करायचं, दुसरा पाय टेकला की स्वतः बाद. मुलांना हा खेळ मनापासून आवडायचा, कारण यात ओरडायला मिळतं.

माझी मैत्रीण पायरीवर बसून बघत होती, गुडघ्यावर बर्फाची पिशवी.

“ए पोरी,” मावशीने तिला मराठीतच हाक मारली, “नुसतं बघत काय बसलीस? ये की आत!”

भाषा कळली नाही तरी मावशीचा हात कळला. ती उठून आली. नियम ऐकून म्हणाली, “हे तर फिजिओ करून घेतो. फक्त तिथे कोणी ओरडत नाही.”

तिने डाव्या पायावर लंगडी घातली आणि बघता बघता सगळी मुलं बाद केली. मुलं खूश झाली. दुसऱ्या डावालाही तिने डावाच पाय घेतला, तेव्हा पुढचे दोन दात पडलेली एक सात वर्षांची मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “चीटिंग! ताई, पाय बदल! मावशी, ताईला पाय चेंज करायला सांग!”

आमच्याकडचा नियम तसाच होता. मावशीच्या शाळेत प्रत्येक डावाला पाय बदलावा लागतो. खरी लंगडी अशी नसते म्हणे, पण मावशी तिच्या लहानपणी अशी खेळली होती आणि त्यावर चर्चा होत नसे.

ती माझ्याकडे बघू लागली. मी नजर वळवली, आणि लगेच परत तिच्याकडे बघितलं.

“डॉक्टर काय म्हणाले?” मावशीने इंग्रजीत विचारलं.

“सगळं करायचं म्हणाले, आंटी.”

“मग? डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं. आता आणखी कोण राहिलं?”

तिने डावा पाय उचलला आणि उजव्या पायावर लंगडत चौकोनात आली. अगदी सरळ रेषेत. मुलं बाजूला होत होती आणि ती दिशा न बदलता पलीकडच्या रेषेला जाऊन थांबत होती. एकही बाद होईना. ती दात पडलेली मुलगी तर तिच्या समोर नाचायला लागली. “कॅच मी, ताई! कॅच मी! स्लो ताई! ताई आजीसारखी!”

आणि ती मुलगी हाताच्या अंतरावरून सुळकन डावीकडे निसटली.

माझ्या मैत्रिणीने विचार केलाच नाही. खांदा झुकला, उजवा पाय रुतला, सगळं अंग त्या एका पायावर फिरलं आणि तिचा हात त्या पोरीच्या वेणीला लागला.

“आऊट!” सगळ्या मुलांनी एकदम आरोळी ठोकली.

ती जागच्या जागी एका पायावर उभी राहिली. डावा पाय खाली टेकेचना. “मी आत्ता काय केलं?” तिने मला विचारलं. “तू बघितलंस?”

मी होकारार्थी मान हलवली.

“परत!” ती ओरडली. “सगळे आत या! परत!”

त्यानंतर आमच्या पार्किंगमध्ये रविवारची वाट कुणी बघितली नाही. सरावावरून आली की ती मुलांना हाका मारायची आणि मुलं खाऊ अर्धवट टाकून धावत यायची. तिनेही त्यांना तिच्या गावच्या मुलींचा खेळ शिकवला. समोरासमोर उभं राहून टाळ्या वाजवायच्या, उडी मारायची आणि खाली येताना एक पाय पुढे टाकायचा. समोरच्याचा कुठला पाय पुढे आला यावर गुण. मावशी ते बघून म्हणाली, “ही तर आपल्या झिम्म्याची बहीण.” आणि पदर नसताना पदर खोचल्यासारखा करून स्वतः उड्या मारायला लागली. तळमजल्यावरच्या आत्याने खिडकीतून टाळ्या दिल्या. मी कठड्याला टेकून हे सगळं बघायचे. मला खेळायला बोलवायचे, मी नको म्हणायचे. एकदा मात्र ती दात पडलेली माझ्या हाताला लोंबकळलीच, तेव्हा मी आत गेले आणि पहिल्याच फेरीत बाद झाले. फार मजा आली, पण तसं मी कुणाला सांगितलं नाही.

तिच्या सरावात काय फरक पडतोय ते मी कॅमेऱ्यातून बघत होते. आधी नुसता एखादा प्रयत्न, अर्धवट सोडलेला. मग एकदा हळू, मग वेगात. पण सरावात. सामन्यात, समोर खरी खेळाडू अंगावर येत असताना, अजून एकदाही नाही.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार उजाडला तो गार वाऱ्यासह. तिला आदल्या रात्री झोप लागली नव्हती हे बसमध्ये दिसतच होतं. ती बोलत नव्हती आणि मी ऐकायला बसले होते. मैदान आलं तेव्हा तिने माझा हात इतका जोरात दाबला की अंगठी रुतली.

पाहुणा आला. तोच राखाडी कोट, तीच शेंगदाण्यांची पुडी, आणि या वेळी बाजूला चाकांची बॅग. संध्याकाळी बॉस्टनहून त्याचं विमान होतं. तो पुन्हा माझ्या पुढच्याच रांगेत बसला. मी कॅमेरा लावला आणि मनातल्या मनात सगळ्या देवांना एकदम हाका मारल्या. मी एरवी मारत नाही.

पूर्वार्ध ती बाकावर बसून होती. पाहुण्याने दोनदा घड्याळ बघितलं. उत्तरार्धात, बरोबरी असताना, कोचने तिला उठवलं. ती बाकाशेजारी जॅकेट काढताना दिसली तसा मी कॅमेरा तिच्यावर वळवला.

पहिला चेंडू आला. ती उजवीकडे गेली, रेषेपर्यंत, आणि समोरच्या उंच मुलीने चेंडू बाहेर घालवला. पाहुण्याने नाकातून श्वास सोडला. दुसरा चेंडू. पुन्हा उजवीकडे. त्या उंच मुलीला आता ते पाठच झालं होतं. ती आधीच तिथे जाऊन उभी होती. पाहुण्याने पुडी गुंडाळून खिशात ठेवली, बॅगेची मूठ वर ओढली. ‘नको,’ मी मनात म्हटलं. ‘अजून एक चेंडू, प्लीज, एकच.’

तिसरा चेंडू मध्यातून लांब आला. तिने तो पळता पळता पायाखाली घेतला. उंच मुलगी रेषेकडे सरकली. आणि मला कॅमेऱ्यात तो खांदा दिसला. झुकला! उजवा पाय गवतात रुतला, सगळं अंग त्यावर फिरलं, अगदी पार्किंगमध्ये फिरायचं तसं, आणि ती डावीकडे, आत, मोकळ्या मैदानात! उंच मुलगी रेषेकडे एकटीच धावत होती! एक पाऊल, दोन पावलं, डाव्या पायाने फटका. गोलकीपरची बोटं लागली, चेंडू खांबावर आपटला आणि आत गेला.

पुढचं चित्रीकरण कुणाच्या उपयोगाचं नाही. त्यात थोडं आभाळ आहे, थोडी माझी चप्पल आहे, आणि कुणीतरी किंचाळतंय. ती मीच असणार, पण मला ते आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, मैदानाच्या मधोमध, मुलींच्या ढिगाऱ्यातून बाहेर येऊन तिने स्टँडकडे बघत डावा पाय उचलला आणि ती उजव्या पायावर लंगडत लंगडत आपल्या जागेवर परत गेली. लोकांना वाटलं, पाय दुखावला. डॉक्टर पळत आत निघाले. मी एकटीच हसत होते.

पाहुणा उभा राहिला होता. असिस्टंट कोच त्याच्याकडे वळल्या. “बघितलंत?”

“बघितलं,” तो म्हणाला. “सुंदर.” त्याने बॅग हातात घेतली. “पण एकदा. एकदा कुणीही वळतं. मला तिथे रोज वळणारी मुलगी हवी. नावं मला आज रात्रीच द्यायची आहेत.” आणि तो पायऱ्या उतरायला लागला.

नंतर जे झालं ते आता वाचणाऱ्यांना ठाऊक असलेलं बरं. तिला बोलावणं आलं. त्या स्पर्धेत ती बदली खेळाडू म्हणून उतरली आणि परत आली तेव्हा बदली राहिली नव्हती. आता ती युरोपातल्या एका क्लबकडून खेळते. देशाचा सामना असला की मावशीकडे आधीची सगळी मराठी शाळा जमते, आणि ती दात पडलेली मुलगी, जिला आता सगळे दात आहेत, टीव्हीसमोर उभी राहून म्हणते, “ताई, लेफ्ट! लेफ्ट!” माझ्या मैत्रिणीचे व्हॉइस मेसेज अजूनही लांबलचक असतात. मी बस, बाजार, आंघोळ सगळं सांभाळून ते पूर्ण ऐकते.

पण त्या शनिवारी यातलं काहीही झालेलं नव्हतं. एक माणूस चाकांची बॅग उचलून पायऱ्या उतरत होता, आणि स्टँडमध्ये त्याला थांबवू शकेल अशी एकच व्यक्ती होती. पार्किंगमधला तो खडूचा चौकोन तिथे दुसऱ्या कुणी पाहिला नव्हता. मी वाट बघितली, असिस्टंट कोच काही बोलतील म्हणून. त्या बोलल्या नाहीत. त्यांना तरी काय ठाऊक होतं?

इतक्या मोठ्या माणसाला हाक कशी मारायची? सर म्हणायचं, मिस्टर म्हणायचं, आडनाव तर मला येत नव्हतं. तोंडातून निघाली ती पुण्याच्या सोसायटीत शेजाऱ्यांना मारायचे तीच हाक. मी कॅमेरा तसाच सोडून पायऱ्या उतरले आणि ओरडले, “अंकल!”

असिस्टंट कोच दचकल्या. इथे असं कुणी कुणाला म्हणत नाही. तो मात्र लगेच थांबला आणि वळला, कुणीतरी घरातून हाक मारावी तसा. त्याच्या गावातही मोठ्यांना असंच म्हणतात, हे मला नंतर कळलं.

“येस, माय डॉटर?” तो म्हणाला.

“अंकल, बसा,” मी म्हणाले, “सामना संपलेला नाही. एकदा नाही, ती रोज वळते. आमच्या पार्किंगमध्ये, त्याच पायावर, लहान मुलांच्या मागे. विमान आणि नावं, दोन्ही उद्यावर ढकला आणि सकाळी मावशीच्या शाळेत या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. फक्त बुटाच्या नाड्या घट्ट बांधून या. आमच्याकडे नुसतं बघत कुणाला बसू देत नाहीत.”